घरच्या खुंट्याचं दावं

माझ्या सासरी घोड्याबद्दल बोलायचा मान पुरुषांचा होता, आणि घोड्यातलं काही कळणारी त्या घरात मी एकटीच होते. पुढचं सगळं रामायण यातूनच घडलं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

माझे वडील यवतमाळला टांगा चालवायचे. बसस्टँडसमोर त्यांचा टांगा उभा असायचा. आमच्या घरी माणूस आजारी पडला तर काढा आणि घोडी आजारी पडली तर डॉक्टर. वडिलांनी मला शाळेच्या अभ्यासातलं कधी एक अक्षर विचारलं नाही, पण रस्त्यानं दुसऱ्या कुणाचा टांगा गेला की ते मला हमखास कोपरानं ढोसायचे. "सांग, कोनता पाय?" मी पायांकडे बघायला लागले की चिडायचे. "पायाकडे कायले पाह्यतं? मान पाह्य. घोड्याची मान लबाडी करत नाही." घोड्याचा पुढचा पाय दुखत असेल, तर तो पाय जमिनीला टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतो. उभा घोडा कसा पाहायचा, तेही त्यांनीच शिकवलं. मागचा एखादा पाय ढिला सोडून उभा असला तर तो नुसता आराम करतोय. पुढचा पाय पुढे सरकवून टेकवला असेल तर तो पाय दुखतोय. एवढ्या दोन गोष्टी मला पाढ्यांच्या आधी यायच्या.

पुढे ऑटो आले आणि टांगे गेले. वडिलांनी घोडी एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकली, आणि मला दारव्ह्याजवळच्या एका गावात, कपाशी-तुरीच्या घरात दिलं. दोन्ही एकाच वर्षी झालं. रडले मात्र ते घोडी गेली तेव्हाच, असं आई सांगायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण घोडी गेली तेव्हा मीही रडले होते.

ती वर्षं कपाशीची वाईट होती. लाल्या रोग नाही तर अळी, अळी नाही तर भाव. जीप करून शहरातले कॅमेरेवाले गावोगाव फिरायचे आणि दारात उभं राहून हळू आवाजात विचारायचे, तुमच्याकडे काही घडलं आहे का? एकदा ते आमच्या दारी आले. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "बाप्पाहो, आमच्या अथी सगळे जितेच हायेत. च्या घेता का?" ते बिचारे चहा न पिताच गेले. आत्याबाई अशा होत्या. सासरे मी येण्याआधीच वारले होते आणि घर आत्याबाईंच्या आवाजावर चालत होतं. तो आवाज चौकापर्यंत ऐकू जायचा.

माझ्या नवऱ्याचा स्वभाव अगदी उलट. समोरच्यानं आईची शपथ घेतली की ह्यांना तो सख्ख्या भावासारखा वाटतो. त्या वर्षी ह्यांच्या डोक्यात घोडी बसली. वरातीची घोडी. म्हणाले, "कापूस पिको नाहीतर नोको पिको, नवरदेव काही पायी जात नाही." बोलणं खोटं नव्हतं. आसपासच्या दहा-बारा गावांत एकही घोडी नव्हती, लोक यवतमाळहून आणायचे. आत्याबाईंनी आठ दिवस विचार केला आणि बैलजोडी विकायला परवानगी दिली. जोडी विकून घोडी घ्यायची, पेरणीला शेजाऱ्याची जोडी घ्यायची आणि बदल्यात त्याच्या शेतात राबायचं, असं ठरलं. जोडी दाराबाहेर पडली तेव्हा आत्याबाई घरात होत्या. त्या बाहेर आल्याच नाहीत.

"घोडी पाह्याले मी येतो," मी ह्यांना म्हटलं. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात.

"घोडेबाजारात बाया जात असते का?"

"माह्या बापाचा टांगा होता."

"टांगा तुह्या बापाचा होता. तुहा नोयता," असं म्हणून हे गेले. सोबत ह्यांचा मावसभाऊ होता, त्याला घोड्यातलं एवढंच माहीत की त्याला शेपूट असते.

दुपारी घोडी आली ती भाड्याच्या टेम्पोतून. पांढरीशुभ्र, डोक्यावर तुरा, गळ्यात घुंगरं. सगळं गाव गोळा झालं. आत्याबाईंनी ओवाळलं, मी पायावर पाणी घातलं. पाणी घालता घालताच मला तिचा डावा पाय गरम लागला. प्रवासानं असेल, असं मी मनाला समजावलं. सकाळी उठून पाहते तर घोडी गोठ्यात उभी, आणि पुढचा डावा पाय एक वीतभर पुढे टेकवलेला. चुलीवर चहा ठेवला आणि तिथंच बसून राहिले, कारण ह्यांना कसं सांगावं ते मला सुचत नव्हतं.

मला सांगावं लागलंच नाही. तुळशीचं लग्न झालं आणि गावातलीच पहिली वरात निघाली. चौकापर्यंत घोडी कशीबशी आली. चौकात बँडवाल्यांनी जोर धरला आणि घोडी अडखळली, मग लंगडायलाच लागली. नवरदेवाला उतरवून पायी न्यावं लागलं. त्या दिवसापासून गावानं ह्यांचं नाव 'लंगडीवाला' ठेवलं. आमच्याकडे असं ठेवलेलं नाव नातवापर्यंत टिकतं. ह्यांनी चौकात जाणं सोडलं. शेतात जायचे तेही मागच्या नाल्याच्या काठानं, म्हणजे कुणी भेटायला नको. घरातही हे खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे. बैल गेले, घोडी असून नसल्यासारखी, हे सगळं मी सोसलं असतं. पण हे असे मान खाली घालून वावरायला लागले ते मला सोसवेना. मला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून भांड्यांवर निघत होता.

मी वडिलांना बोलावून घेतलं. ते एसटीनं आले, चहाही न घेता गोठ्यात गेले आणि घोडीच्या पायाजवळ उकिडवे बसले. खुराच्या वरचे केस त्यांनी बोटांनी बाजूला केले. तिथं टोचल्याचे बारीक वण होते, एक नाही, सात-आठ.

"पाय बधिर केलता," वडील म्हणाले. "दाताचा डॉक्टर दाढ काढताना टोचते ना, तसंच. गिऱ्हाईक दिसलं का हे टोचते. दोन-तीन घंटे घोडी नाचत चालते. मंग उतरते." त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "जावईबापू, दावं कवा बदललं?"

"लगेच," हे खाली पाहत म्हणाले. "ऊन व्हाच्या आंदी न्या म्हने. मुहूर्त चांगला हाये म्हने."

वडिलांनी कपाळाला हात लावला. दाव्याची, म्हणजे जनावर बांधायच्या दोरीची, रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. जनावर विकलं तरी विकणारा आपलं दावं देत नाही, कारण दाव्यासोबत घरची लक्ष्मी जाते. घेणाऱ्यानं आपल्या घरच्या खुंट्याचं दावं न्यायचं. विकणारा आपलं सोडतो, घेणारा आपलं बांधतो. बांधलं की संपलं, मग जनावर तिथंच मेलं तरी बोलायची सोय नाही. पण दावं बदलेपर्यंत सौदा पुरा होत नाही, विसार दिलेला असला तरी.

वडील एसटीनं परत गेले आणि मी तीन दिवस नुसती दाव्याचाच विचार करत होते. चौथ्या दिवशी मला युक्ती सुचली, आणि इतका आनंद झाला की मी घोडीलाच जाऊन सांगितली.

आत्याबाईंना मी अर्धीच सांगितली. "त्या व्यापाऱ्याकडून घोडी बदलून घ्याची. नवं गिऱ्हाईक म्हून जायचं. तुमी मालकीन. पारख मी करतो."

"तुले काय समजते घोड्यातलं?"

मी त्यांना मानेचं सांगितलं. त्या गोठ्यात गेल्या, मला घोडी चालवायला लावली आणि डोळे बारीक करून पाहत राहिल्या. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "हे तू मले आंदी काहून नाही सांगतलं?" मी काय सांगणार! आधी विचारलं कुणी होतं?

उरलेली अर्धी युक्ती मात्र मी पोटातच ठेवली. आत्याबाईंच्या तोंडी तीळ भिजत नाही, असं माझं पक्कं मत होतं. आणि ह्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता. त्या बाजारात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं ह्यांनी देवापुढे उभं राहून म्हटलं होतं.

बाजाराच्या दिवशी मी भाकरी, ठेचा आणि कांदे बांधले. त्याच्याखाली थैलीच्या तळाशी एक दावं गुंडाळून ठेवलं. आमच्या बैलजोडीची दोन दावी होती. एक पांढऱ्या घोडीच्या गळ्यात गेलं होतं, हे दुसरं रिकाम्या खुंट्यावर लटकत होतं. आत्याबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं, आणि आम्ही जीपमध्ये बसून दारव्ह्याला गेलो.

ढोरबाजाराच्या टोकाला लिंबाखाली त्याच्या चार घोड्या उभ्या होत्या. ह्यांनी सांगितलेल्या खुणेवरून नाही, शपथांवरूनच मी त्याला ओळखलं. पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची साखळी, आणि दर दुसऱ्या वाक्याला आईची शपथ. आमच्याकडे त्यानं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोन बाया, त्यातली एक म्हातारी, सोबत पुरुष नाही. त्याचा चेहरा असा उजळला की मला हसू दाबावं लागलं.

"घरचे मानसं नाही आले, मावशी?"

"नवरदेवाची तयारी कोन करन मंग?" आत्याबाई म्हणाल्या. "लेकाच्या लग्नाची घोडी. भाड्याची आमाले चालत नाही."

थाप इतकी सहज मारली की मीच क्षणभर फसले. व्यापारी टेम्पोमागे गेला, थोड्या वेळानं एक तांबडी घोडी घेऊन आला. कपाळावर पांढरा टिळा, अंगाला तेल लावल्यासारखी चकाकी. त्यानं ती आमच्यासमोर फिरवली. चाल अगदी राणीची. मान जागची हलली नाही. मी जवळ गेले, गळ्यावर हात फिरवायचं निमित्त करून खाली वाकले. उजव्या खुराच्या वर केसांमध्ये बोटाएवढी ओल होती. बाकी तिन्ही पाय कोरडे.

"हेच पायजे, आत्याबाई," मी म्हटलं.

भाव ठरवताना त्यानं रीतीप्रमाणे रुमालाखालून बोटं पुढं केली. आत्याबाई म्हणाल्या, "रुमाल कायले? मी का चोरून घेऊन राह्यली? तोंडानं बोल." बोलणं झालं. आत्याबाईंनी विसाराचा नारळ आणि सव्वा रुपया त्याच्या हातावर ठेवला. चार दलाल साक्षीला होते.

"चला मावशी," व्यापारी म्हणाला. "ऊन व्हायच्या आंदी घेऊन जा. मुहूर्त चांगला हाये. दावं काढा."

मी थैलीत हात घातला, भाकऱ्या चाचपल्या आणि चेहरा पाडला. "अगं बाई! दावं तं घरीच राह्यलं."

मग जे झालं त्याची मी तयारी केली नव्हती. आत्याबाईंनी भर बाजारात मला असं फाडून खाल्लं की चार घोडे आणि चौदा माणसं एकदम दचकली. "दावं इसरली! तोंड नाही इसरली घरी? भाकर नाही इसरली! ठेचा नाही इसरला! कोनत्या बापानं तुले मह्या घरी देल्ली व!" त्यांनी माझ्या हातातली थैली हिसकली, खाली आपटली आणि रागानं तिच्यावरच बसल्या. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. बापापर्यंत जायचं काही कारण नव्हतं.

व्यापारी मात्र मध्यस्थी करायला लागला. "जाऊ द्या मावशी, पोरीची जात, इसरली. हे काय, बाजूलेच दोरवाला बसला हाये. मी घेऊन देतो नवं दावं, माह्याकडून भेट."

ढोरबाजारात दावी विकायला असतात, ही एवढी मोठी गोष्ट मी तीन दिवसांच्या विचारात विसरले होते.

"कोरं दावं?" आत्याबाई ओरडल्या. "लग्नाच्या जनावराले कोरं दावं? तुह्या घरी चालत असन! आमाले घरच्या खुंट्याचंच लागते. कोऱ्या दाव्याचं जनावर घरात टिकत नाही. इचार या दलालाले."

दलालांमध्ये एक म्हातारा होता, तिथं सगळे त्याला मानत होते. त्यानं मान डोलावली. "बराबर बोलते माय. घरचंच पायजे."

आमच्या गावची जीप परत निघाली होती. ड्रायव्हरजवळ निरोप दिला, घरून दावं लगेच घेऊन या. आणि आम्ही बसलो. मी मुद्दाम तांबड्या घोडीच्या पायाशी बसले. आत्याबाई थैलीवरून हलेनात. भाकर खायला थैली मागितली तर माझ्यावरच खेकसल्या, "उपाशी राह्य. तवा याद राहीन."

तासभर गेला. व्यापारी घड्याळ पाहायला लागला. मग जवळ येऊन म्हणाला, "तहानली असन बिचारी, टेम्पोमागं पानी पाजून आनतो."

"तुमी बसा," मी म्हटलं. "मी पाजतो." बादली आणली आणि तिथंच पाजलं. थोड्या वेळानं तो पुन्हा आला, खरारा करायचा म्हणाला. मीच खरारा केला. तिसऱ्यांदा म्हणाला, उन्हात उभी आहे, सावलीत नेतो. मी लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि म्हटलं, "आता ते आमची हाये ना? मंग तिची काळजी आमाले करू द्या." बाजूचे दलाल हसले. तो हसला नाही.

बसल्या बसल्या मी बाकीच्या घोड्या पाहत होते. टेम्पोच्या चाकाला एक मळकट करडी घोडी बांधली होती. ना तुरा ना घुंगरू, अंगावर धूळ, शेपटीत गोखरू. बाजूला कुणाचा तरी लाउडस्पीकर किंचाळत होता, पण तिचा कानही हलत नव्हता. चारही पाय सरळ, वैरण खाण्यात दंग. बाकीच्या घोड्या टेम्पोत चढेनात म्हणून आधी तिला चढवतात, मग तिच्या मागोमाग बाकीच्या चढतात, असं दोरवाल्यानं मला सांगितलं. तिला कुणी सजवली नव्हती, कारण तिच्यात लपवायला काही नव्हतं.

दुपार व्हायला आली तशी तांबडी घोडी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायला लागली. मग तिनं हळूच उजवा पाय पुढं सरकवला आणि टेकवून ठेवला. एक वीतभर. मला तिची दया आली आणि त्याच क्षणी आनंदानं ओरडावंसं वाटलं. दोन्ही खरं होतं.

तेवढ्यात आमचे हे आले. गर्दीतून खाली मान घालून येत होते, खांद्यावर दावं. बाजारात पाय न ठेवायचा शब्द ह्यांनी मोडला होता, कारण आई आणि बायको तिथं अडकल्या होत्या. व्यापाऱ्याची नजर आधी दाव्यावर पडली, मग ह्यांच्या तोंडावर. त्याची साखळीसुद्धा उतरल्यासारखी दिसायला लागली.

"घ्या, मालक आले," मी उठून उभी राहिले. "आता ह्याइले घोडी चालवून दाखवा."

"सकाळी पाह्यली ना तुमी..."

"मी पाह्यली. मालकानं नाही पाह्यली. चालवा."

तो जागचा हलेना. म्हाताऱ्या दलालानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच घोडीची दोरी हातात घेतली आणि चालवली. पहिल्या पावलाला घोडीची मान वर गेली.

"वर!" मी ओरडले. डावा पाय टेकला. "खाली!" उजवा. "वर!" माझ्या बापानं यवतमाळच्या रस्त्यावर मला जे शिकवलं ते मी दारव्ह्याच्या बाजारात गळा फाडून सांगत होते. तिसऱ्या-चौथ्या पावलाला दोरवाला माझ्यासोबत म्हणायला लागला, मग गाई-म्हशींचे गिऱ्हाईक, मग सगळेच. "वर! खाली! वर! खाली!" ढोरबाजार अर्धा उठून तिथं आला. मी वाकून तिच्या खुरावरचे केस बाजूला केले आणि टोचल्याची खूण म्हाताऱ्या दलालाला दाखवली. "ढोर दवाखान्यातल्या डॉक्टरले बलवा," मी म्हटलं. "सांगन तो, काय टोचलं ते."

"डॉक्टर कायले पायजे," म्हातारा म्हणाला. "दिसून राह्यलं. दावं बदललं नाही, म्हनजे सौदा नाही. विसार परत दे रे."

"विसार ठेवा त्याच्याजोळ," कुणीतरी म्हणालं. आवाज आमच्या ह्यांचा होता. तीन महिन्यांत ह्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "माहं ऐका. मी तीन महिन्यांखाली याच्याकडून घोडी नेल्ती. बैलजोडी इकून. यानं मायची शपथ घेतली, मी भुललो. घोडी चौकात लंगडली. गाव मले लंगडीवाला म्हनते." ह्यांनी खांद्यावरचं दावं काढून वर धरलं. "घरी दुसरं दावं सापडलं नाही, म्हून तिच्याच गळ्यातलं सोडून आनलं. पाह्य, ओळखतं का?"

एवढ्या लोकांसमोर स्वतःची फजिती सांगायला छाती लागते. मला तेव्हा ह्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू! बाजारात कुणी हसलं नाही.

म्हातारा दलाल व्यापाऱ्याला म्हणाला, "या बाजारात पुन्हा उभं राह्याचं असन तं ह्याइचं समाधान कर. नाही तं आत्ताच टेम्पो काढ." समोर लग्नसराई होती. व्यापारी गयावया करत म्हणाला, यातली हवी ती घोडी घ्या.

"ते पायजे," मी चाकाला बांधलेल्या करड्या घोडीकडे बोट दाखवलं.

"ते इकाची नाही!" तो एकदम म्हणाला.

"म्हूनच पायजे."

म्हाताऱ्यानं तिला चालवली. मी बोलले नाही, गर्दीही गप्प होती. मान पाण्यातल्या नावेसारखी सरळ जात होती. मी फक्त मान हलवून हो म्हटलं.

"आनि ते पांढरी मले वापस द्या," व्यापारी पुटपुटला.

"कायले?" आत्याबाईंचा आवाज चढला. "आनखी कोन्या बापड्याच्या गळ्यात बांधाले? आमच्या खुंट्यावर वैरन खाल्ली तिनं. ते आता आमची. तिचं दावंही तिचंच." त्यांनी ह्यांच्या हातातलं दावं काढून घेतलं. मग कमरेवर हात ठेवून, विव्हळत, पहिल्यांदाच त्या थैलीवरून उठल्या. थैलीत हात घातला, चेपलेल्या भाकऱ्या बाजूला केल्या आणि दुसरं दावं बाहेर ओढलं.

"हे बांध तिले. घरच्याच खुंट्याचं हाये," त्या ह्यांना म्हणाल्या, आणि व्यापाऱ्याकडे वळल्या. "सकाळपासून बसून राह्यली याच्यावर. कंबर गेली माही!"

मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले. थैली हिसकली तेव्हाच हाताला दावं लागलं होतं, आणि त्याच क्षणी सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं. "बापावर कायले गेल्या मंग?" मी हळूच विचारलं. "त्याशिवाय खरं वाटलं असतं का?" त्या म्हणाल्या. "अन् तुहा बाप देवमानूस हाये. सांगजो त्याले." बाजारात हशा उसळला. दलालांनी टाळ्या वाजवल्या, दोरवाल्यानं आम्हाला चहा पाजला. ज्यांच्या तोंडी तीळ भिजत नाही असं मी समजत होते, त्या आत्याबाई अर्धा दिवस माझ्या गुपितावर बसून होत्या.

वैशाखात गावातलीच वरात निघाली. करडी घोडी आम्ही घासूनपुसून काढली, तुरा लावला. मागे गोठ्यातून पांढरी खिंकाळत होती. वडिलांनी सांगितलेल्या शेकानं तिचा पाय पुष्कळ बरा झाला होता, पण तिच्यावर आम्ही कधी कुणाला बसवलं नाही. वरात चौकात आली, बँडवाल्यांनी त्याच जागेवर जोर धरला, फटाके फुटले. घोडीचा कानही हलला नाही. पारावरून कुणीतरी ओरडलं, "का गा लंगडीवाला, या खेपी कोनं पारखली?"

हे थांबले. वरात थांबली. मी बायकांच्या घोळक्यात मागे होते. हे मागे वळून मला शोधायला लागले, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या मंडळीनं. ये व, तूच धर." आणि दावं माझ्यापुढे धरलं.

आमच्या गावात नवरदेवाची घोडी बाईनं धरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मी पदर खोचला आणि धरली. चौकातून मारुतीच्या देवळापर्यंत मी पुढे चालले आणि हे माझ्या बाजूनं. सवयीनं मी घोडीची मान पाहत होते, ती सरळ होती. मग ह्यांची पाहिली. देवळापर्यंत ती एकदाही खाली गेली नाही.